मुलांचा पडदा आणि जाहिरातींचा कायदा: धार-देवासपासून पणजीपर्यंत

शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत, चरबी, मीठ वा साखर अधिक असलेले खाद्यपदार्थ शाळकरी मुलांना विकण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली केलेल्या विनियमांतील ही तरतूद पणजी-म्हापशातील शाळांना लागू आहे, तशीच मध्य प्रदेशातील धार आणि देवास येथील शाळांनाही. तिचे पालन किती होते, हा निराळा प्रश्न. तरीही तेथे अंतर मोजता येते, फलक डोळ्यांना दिसतो, दुकानदार ओळखीचा असतो आणि मुख्याध्यापक जाऊन त्याच्याशी बोलू शकतात. तेच मूल दुपारी घरी येऊन आईचा मोबाइल हाती घेते, तेव्हा वेफर्सच्या पुडीचे चित्र आणि त्याचे डोळे यांत वीतभरच अंतर उरते. ते चित्र तेथे कोणी लावले, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

मुलांसाठीच्या संकेतस्थळांवरील, अ‍ॅपमधील आणि व्हिडिओंमधील जाहिरातींबाबत भारतात कायदाच नाही, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. नियम आहेत आणि २०२२ पासून त्यांत महत्त्वाची भरही पडली आहे. अडचण अशी, की यांतील बहुतेक नियम पडद्यापुढे मूल बसले आहे, हे कोणाला तरी ठाऊक असल्याचे गृहीत धरतात. भारतीय घरातील मोबाइल बहुधा प्रौढाच्या नावावर असतो, त्यावरील खाते प्रौढाचे असते आणि तो घरातल्या चौघांच्या हातांतून फिरतो. कायद्याच्या लेखी त्या पडद्यापुढे मूल नसतेच.

धार-देवासचे उदाहरण कशासाठी

धार आणि देवास ही पवार घराण्याची संस्थाने. अठराव्या शतकात मराठी फौजांमागोमाग माळव्यात गेलेली कारकून, शिलेदार, पुरोहित यांची कुटुंबे तेथेच स्थिरावली. देवासला कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत राहिले, ही ओळख तर सर्वांना आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या बारा लाखांहून अधिक होती. त्यांतील धार-देवासकडच्या घरांची भाषिक स्थिती मात्र गोव्यातील मराठी घरांपेक्षा वेगळी आहे. गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, मराठी वर्तमानपत्रे आहेत, भजन-नाट्याची परंपरा आहे. तिकडे मूल घरात मराठी ऐकते, रस्त्यावर माळवी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी.

अशा घरात मराठी बडबडगीते आणि गोष्टी पूर्वी आजीकडून येत, पोस्टाने येणाऱ्या ‘चांदोबा’ किंवा ‘किशोर’च्या अंकातून येत. आज त्या मुख्यतः मोबाइलवरून येतात. आजी इंदूरला किंवा पुण्याला, नातू देवासला. मधला दुवा पडद्याचा. म्हणून ‘मुलाच्या हातातून फोन काढून घ्या’ हा सोपा उपदेश येथे फार महाग पडतो. फोनबरोबर मुलाच्या कानावर पडणारी मराठीही कमी होते. मुलांपुढील जाहिरातींचा प्रश्न सुखवस्तू घरातल्या लाडांचा आहे, असे मानणाऱ्यांनी या घरांकडे पाहावे. येथे पडदा ही चैन राहिलेली नाही.

त्यात २०२० च्या टाळेबंदीने आणखी एक गोष्ट केली. मध्य प्रदेशच्या शिक्षण खात्याने ‘डिजिलेप’ नावाचा उपक्रम सुरू करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अभ्यासाचे व्हिडिओ पाठवण्यास आरंभ केला. इतर राज्यांनीही या ना त्या रूपात तेच केले आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्गही नव्हता. पण त्यामुळे पालकाचा फोन मुलाच्या हाती देणे ही शाळेचीच अपेक्षा ठरली. शाळा पुन्हा भरल्या, तरी ती सवय राहिली.

जाहिरात निवडते कोण

वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांना सारखी दिसते. संकेतस्थळावरील जागा मात्र पान उघडण्याच्या क्षणी, सेकंदाच्या अंशात, लिलावाने विकली जाते. बोली लावणाऱ्याला त्या जागेपेक्षा समोरच्या माणसात अधिक रस असतो: तो कोणत्या गावी आहे, फोन कोणता वापरतो, काल काय पाहिले, कोठे थांबला. अँड्रॉइड फोनला यासाठी एक जाहिरात-ओळखक्रमांक दिलेला असतो. त्यात नाव नसते. पण निरनिराळ्या अ‍ॅपमधली हालचाल एकाच फोनची आहे, हे त्यावरून जुळवता येते.

यूट्यूबवर या व्यवहाराला दोन कुलपे आहेत. पहिले, व्हिडिओवरची खूण. व्हिडिओ तयार करणाऱ्याने तो ‘मुलांसाठी’ असल्याचे नोंदवले, तर पाहणारा कोणीही असो, त्याला मूल मानले जाते. त्याच्या सवयींवरून निवडलेली जाहिरात तेथे दाखवली जात नाही, प्रतिक्रियांची सोय बंद होते आणि यूट्यूबच्या स्वतःच्या धोरणानुसार खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या जाहिरातीही तेथे चालत नाहीत. दुसरे कुलूप खात्याचे. खाते तेरा वर्षांखालील मुलाचे म्हणून पालकाने उघडले असेल, तर निर्बंध खात्याबरोबर फिरतात.

वडिलांच्या खात्यावर बडबडगीत पाहणाऱ्या मुलाला पहिले कुलूप राखते. मात्र एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. चार गीतांनंतर खेळण्याचे खोके उघडून दाखवणारा व्हिडिओ येतो, मग कोणी तरी खेळत असलेला व्हिडिओ गेम, मग विनोदी प्रहसन. यांतला एखादा व्हिडिओ ‘मुलांसाठी’ या खुणेचा नसला, की पहिले कुलूप उघडते. दुसरे तर लावलेलेच नव्हते. आता यंत्रणेच्या दृष्टीने पडद्यापुढे देवासचा पस्तीस वर्षांचा पुरुष आहे. त्याला कर्जाचे अ‍ॅप, शेअर बाजाराचा अभ्यासक्रम, वजन घटवणारी भुकटी, काहीही दिसू शकते. सहा वर्षांचे मूल ते पाहते आणि कधी दाबतेही.

खूण लावण्याचे काम निर्मात्यावर सोपवलेले आहे, हे येथे लक्षात घ्यावे. सवयी पाहून दाखवलेल्या जाहिरातीचा दर सामान्यतः अधिक असतो. म्हणजे प्रामाणिकपणे खूण लावणाऱ्याचे उत्पन्न घटते. अमेरिकेत डिस्नेसारख्या बलाढ्य कंपनीवरही, मुलांचे व्हिडिओ योग्य खुणेविना यूट्यूबवर ठेवल्याच्या आरोपावरून, सप्टेंबर २०२५ मध्ये १ कोटी डॉलर भरण्याची तडजोड करण्याची वेळ आली. मग चार माणसांच्या एखाद्या छोट्या बालगीत-वाहिनीकडून काटेकोरपणाची अपेक्षा किती धरावी?

खेळांच्या अ‍ॅपमध्ये तर जाहिरात आणि खेळ यांतली भिंतच पाडलेली असते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लोकप्रिय असलेली १३५ अ‍ॅप तपासली; त्यांतील ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात होती. खेळातले पात्रच मुलाला पुढचा भाग विकत घेण्यास सांगते, घेतला नाही तर रडवेले होते, जाहिरात पाहिली तर जादा नाणी मिळतात, बंद करण्याची फुली सापडत नाही, असे प्रकार त्यांना आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाने मुलांसाठीच्या ५,८५५ मोफत अँड्रॉइड अ‍ॅपची यंत्राद्वारे तपासणी केली. त्यांतील निम्म्याहून अधिक अ‍ॅप तेथील बाल-गोपनीयता कायद्याचा संभाव्य भंग करणारी निघाली.

मुलाला जाहिरात कळते का, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. कार्यक्रम आणि जाहिरात वेगळी, एवढे चार-पाच वर्षांच्या मुलाला कळू लागते. परंतु जाहिरात आपल्याला काही विकण्यासाठी, एकच बाजू सांगते, हे साधारणपणे सात-आठ वर्षांपूर्वी उमजत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये याच आधारावर आठ वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध सुचवले. तो निष्कर्ष दूरचित्रवाणीच्या काळातला होता. त्या जाहिरातीला आरंभ आणि शेवट असे. आवडते पात्रच खेळता खेळता काही मागू लागले, तर आठच काय, बारा वर्षांच्या मुलालाही ती जाहिरात वाटत नाही.

अमेरिकेपासून ब्रुसेल्सपर्यंत

या विषयावरील कायद्याचा उगम १९९६ मध्ये सापडतो. वॉशिंग्टनमधील सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन या संस्थेने त्या वर्षी एका अहवालात, मुलांची संकेतस्थळे खेळ आणि बक्षिसांच्या आमिषाने मुलांची व कुटुंबाची माहिती गोळा करत असल्याचे दाखवून दिले. पुढील वर्षी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ‘किड्सकॉम’ या मुलांच्या संकेतस्थळाच्या प्रकरणात मार्गदर्शक पत्र काढले. १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा झाला आणि एप्रिल २००० मध्ये अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकाच्या पडताळलेल्या संमतीवाचून घेऊ नये, हे त्याचे सूत्र. जगभरच्या समाजमाध्यमांवर ‘वय १३ पूर्ण’ ही अट दिसते, तिचे मूळ येथे आहे. धारच्या मुलाने खोटे जन्मवर्ष लिहून खाते उघडले, तर तो वॉशिंग्टनने आखलेली रेघ ओलांडत असतो!

त्या कायद्याचा मोठा तडाखा सप्टेंबर २०१९ मध्ये बसला. मुलांच्या व्हिडिओंवर त्यांच्या सवयींचा माग ठेवून जाहिराती दाखवल्याच्या प्रकरणात गूगल व यूट्यूबने १७ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. वर सांगितलेली ‘मुलांसाठी’ ही खूण त्या तडजोडीतून जन्मली आणि जानेवारी २०२० पासून जगभर लागू झाली. भारतातील मुलांना आज मिळणारे संरक्षण काही अंशी परदेशी तडजोडीची देणगी आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

काही देशांनी याहून सरळ मार्ग धरला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यासच १९८० पासून बंदी आहे. खेळणी विकणाऱ्या कंपनीने तिला आव्हान दिले, तेव्हा १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने अल्पवयीनांना, त्यांच्याविषयीच्या माहितीचे पृथक्करण करून जाहिरात दाखवण्यास मनाई केली असून, फेब्रुवारी २०२४ पासून ती सर्व मंचांना लागू आहे.

भारतातील नियम

भारतात सर्वांत तपशीलवार नियम आहेत ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे. ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध या प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत मुलांविषयी स्वतंत्र कलम घातले. मुलांच्या अननुभवाचा, भोळेपणाचा वा निष्ठेचा फायदा घेणारी जाहिरात चालणार नाही. वस्तू विकत घे, किंवा आईबाबांना घ्यायला लाव, असे मुलाला थेट सांगता येणार नाही. वस्तू नसेल तर मूल इतरांपेक्षा कमी ठरेल, मित्र हसतील, असे सुचवता येणार नाही. किंमत लहान भासावी म्हणून ‘फक्त’, ‘केवळ’ असे शब्द वापरता येणार नाहीत. वेफर्स, वायुयुक्त पेये आणि तत्सम पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात अथवा केवळ मुलांसाठीच्या वाहिनीवर करता येणार नाही. भेटवस्तूचे आमिष दाखवून अनावश्यक खरेदीला उद्युक्त करणे अनुचित मानले आहे. पुडीतल्या खेळण्यासाठी चिवडा-वेफर्स मागणाऱ्या मुलांच्या पालकांना हे शेवटचे वाक्य वाचून हसू येईल. माळव्यात तर शेव-नमकीन हा घरोघरीचा पदार्थ आहे.

ही तत्त्वे माध्यम कोणतेही असो, सर्व जाहिरातींना लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शब्दयोजना अद्याप दूरचित्रवाणीची आहे. ‘मुलांसाठीची वाहिनी’ म्हणजे काय? यूट्यूबवरील वाहिनी ही त्या अर्थाने वाहिनी आहे का? आणि व्हिडिओतील मुलगीच पंधरा मिनिटे एका कंपनीच्या चॉकलेटशी खेळत असेल, तर तो मुलांचा कार्यक्रम मानायचा की जाहिरात? नियमाचा हेतू स्पष्ट आहे. पळवाट मात्र एका शब्दात आहे. याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ची यादी जाहीर केली. इतर मजकुराचे रूप घेतलेली जाहिरात आणि बाहेर पडता येऊ नये अशी रचलेली वर्गणी ही दोन्ही तीत आहेत. मुलांच्या अ‍ॅपबाबत या यादीचा उपयोग अधिक होण्याजोगा आहे.

दुसरा आणि अधिक दूरगामी नियम डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या या कायद्याचे नववे कलम मुलांविषयी आहे. येथे मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. त्यापुढे जाऊन, मुलांचा माग ठेवणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवणे यांस सरळ मनाई आहे. पालकाच्या संमतीने ही मनाई सैल होत नाही, हे विशेष. उल्लंघनास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कागदावर पाहता हा जगातील कडक नियमांपैकी एक म्हणावा लागेल.

मात्र तो अजून पूर्णपणे अमलात यायचा आहे. कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे मुलांविषयीच्या तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. संमती कशी पडताळावी, हे समजावण्यासाठी नियमांत काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील पहिल्या उदाहरणाचा आरंभ, मूल आपण मूल असल्याचे मंचाला सांगते, येथून होतो. नंतर पालक पुढे येतो आणि ओळखपत्राच्या किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेच्या आधारे त्याचे प्रौढपण तपासले जाते. मूल जर काहीच बोलले नाही, आईच्या आधीच उघडलेल्या खात्यावर खेळत बसले, तर ही सर्व यंत्रणा जागी होण्याचा प्रसंगच येत नाही. कंपनीलाही विचारण्याची घाई नसते.

दुसरी मर्यादा अशी, की मनाई लक्ष्यित जाहिरातीला आहे. मुलाविषयी काही न जाणता, केवळ व्हिडिओचा विषय पाहून त्यावर लावलेली जाहिरात या कलमाच्या शब्दांत सरळ बसत नाही. तिला रोखायचे तर पुन्हा ग्राहक प्राधिकरणाच्या तत्त्वांकडेच यावे लागते. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांची स्थिती निराळी आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती, मुलांना असोत वा मोठ्यांना, दोन्ही बंद केले. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेथे समोर कोण बसले आहे, हे विचारावेच लागत नाही. म्हणून तो नियम राबवणेही तुलनेने सोपे.

गोव्याचा स्वतःचा २००३ चा बालक कायदा आहे आणि त्यात संकेतस्थळांचा उल्लेखही येतो. परंतु तो मुलांच्या लैंगिक व व्यापारी शोषणासाठी संकेतस्थळ चालवण्याविरुद्ध आहे. मुलाला गिऱ्हाईक बनवणाऱ्या जाहिरातींसाठी गोवेकरांनाही केंद्रीय नियमांचाच आधार घ्यावा लागतो.

एकूण पाहता अन्नपदार्थांसाठी एक प्राधिकरण, दिशाभुलीसाठी दुसरे, वैयक्तिक माहितीसाठी विदा संरक्षण मंडळ, आणि जाहिरात उद्योगाची स्वतःची ‘अ‍ॅस्की’ ही १९८५ पासूनची स्वयंनियमन संस्था, एवढ्या जणांचा त्या वीतभर पडद्यावर हक्क आहे. देवासकरांना ही स्थिती अपरिचित वाटू नये. १९४८ पर्यंत ते एकच शहर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन संस्थानांची राजधानी होते.

वुल्फ गुप्ताची गोष्ट

भारतात मुलांशी निगडित ऑनलाइन जाहिरातींवर सर्वाधिक गाजलेले प्रकरण मुंबईचे आहे. करण बजाज यांनी २०१८ मध्ये स्थापन केलेली व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकवत असे. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ती ३० कोटी डॉलरला विकत घेतली. टाळेबंदीत घरी अडकलेल्या मुलांच्या आणि पालकांच्या पडद्यांवर या कंपनीच्या जाहिरातींचा अक्षरशः मारा झाला. त्यांत ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा मुलगा होता. आज्ञावली शिकल्यामुळे त्याला गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी लागल्याचे सांगितले जाई. जाहिरातीगणिक त्याचे वय बदले, पगारही बदले. पात्र काल्पनिक होते. तक्रारी झाल्यावर ‘अ‍ॅस्की’ने हात घातला आणि त्या वर्षीच्या उत्तरार्धात कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या.

या जाहिरातींचे खरे लक्ष्य पालक होते. शेजाऱ्याचे मूल पुढे जाईल आणि आपले मागे पडेल, ही भीती त्या विकत होत्या. ही भीती इंदूर-पुण्यापेक्षा धार-देवाससारख्या गावी अधिक बोचते, कारण मोठ्या शहरातील शिकवण्या तेथे नसतात आणि पडद्यावरून येणारा वर्ग हीच संधी वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचनापत्रक काढले. ‘मोफत’ म्हणणाऱ्या सेवेच्या अटी नीट वाचाव्यात, खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्यास मान्यता देऊ नये, पडताळणी न केलेल्या यशोगाथांवर विश्वास ठेवू नये, असा त्याचा सूर होता. २०२२ च्या तत्त्वांपूर्वीचा हा अनुभव त्या तत्त्वांच्या शब्दांत उमटलेला दिसतो.

खासगी कंपन्यांना दोष देऊन हा विषय संपत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी टाळेबंदीत शिफारस केलेल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक अ‍ॅप व संकेतस्थळांची तपासणी प्रसिद्ध केली. दहापैकी जवळपास नऊ ठिकाणी मुलांच्या हक्कांना बाधा आणू शकेल, अशा रीतीने माहिती हाताळली जात होती. त्यांत भारत सरकारचे ‘दीक्षा’ अ‍ॅपही होते. मुलाचे नेमके ठिकाण टिपण्याची क्षमता त्यात असल्याचे आणि वर उल्लेखलेला जाहिरात-ओळखक्रमांक त्यातून गूगलकडे जात असल्याचे अहवालाने नोंदवले. दीक्षावर जाहिराती नव्हत्या. पण अभ्यासाचे अ‍ॅप उघडणाऱ्या फोनची खूण बाहेर जात असेल, तर मुलाला लक्ष्य करण्याची पहिली पायरी तेथेच रचली जाते. नव्या नियमांत शैक्षणिक संस्थांना शिक्षणापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती माग ठेवण्याची सवलत दिली आहे. ‘शिक्षणापुरती’ या शब्दाचा अर्थ कोण किती ताणतो, यावर बरेच अवलंबून राहील.

घरात करण्याजोगे

यंत्रणेला मूल दिसत नाही, हीच अडचण असल्याने घरातला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मूल आहे हे तिला कळवणे. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून तेरा वर्षांखालील मुलाचे वेगळे खाते काढता येते. त्या खात्यावर सवयी पाहून निवडलेल्या जाहिराती येत नाहीत आणि पालकाच्या मान्यतेवाचून अ‍ॅप उतरवता येत नाही. घरात फोन एकच असेल, तर निदान यूट्यूबऐवजी ‘यूट्यूब किड्स’ लावून द्यावे आणि एकामागोमाग व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या गोपनीयता विभागात जाहिरातींच्या पानावर जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाकता येतो. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल, अशी व्यवस्था करावी. यूपीआय लाइटमध्ये लहान रकमेला पिन लागत नाही, हे तर अनेक पालकांना पैसे गेल्यावरच कळते. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ती सोय नसलेलीच बरी. मराठी गोष्टींसाठी बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन खुले केले आहेत, ते उतरवून घेतले, की इंटरनेट बंद करूनही मुलासोबत वाचता येतात. आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवलेल्या गोष्टींनाही जाहिरात चिकटत नाही.

आक्षेपार्ह जाहिरात दिसली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा ‘अ‍ॅस्की’च्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ऑनलाइन जाहिरात पुन्हा दिसेलच याची शाश्वती नसते, म्हणून त्याच क्षणी पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. त्यासोबत तारीख, वेळ, कोणत्या व्हिडिओच्या आधी वा मध्ये ती आली त्याचे नाव आणि दुवा, तसेच तो व्हिडिओ मुलांसाठीच्या खुणेचा होता की नाही, एवढे लिहून ठेवावे. प्रतिक्रियांची जागा बंद असेल, तर बहुधा ती खूण आहे, असे समजावे.